थकलेला हप्ता आणि सिबिलची वही

पीककर्जाचा मोसम आला की महाराष्ट्रात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो: बँकेने शेतकऱ्याचं सिबिल, म्हणजे त्याच्या जुन्या कर्जफेडीची नोंद, बघावं की बघू नये. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं की पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, घालाल तर गुन्हे दाखल होतील. असे इशारे त्याआधीही देऊन झाले होते. तरी तालुक्याच्या शाखेत अर्ज घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ‘तुमचं सिबिल खराब आहे’ हे वाक्य ऐकावं लागतंच. त्याचा सगळा दोष शाखाधिकाऱ्यावर टाकूनही भागत नाही. कर्ज मंजूर करण्याआधी पत अहवाल बघायला रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे, आणि उद्या खातं बुडालं तर ‘अहवाल का बघितला नाही’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार असतो.

या भांडणात मूळ गोष्ट बाजूला पडते. थकलेल्या कर्जाची नोंद नेमकी कशी होते, किती काळ राहते, कोणाकोणाच्या नावावर चढते आणि पैसे फिटल्यावरही का पुसली जात नाही, हे बहुतेक कर्जदारांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. कर्ज देताना पन्नास ठिकाणी सह्या घेतल्या जातात, पण त्यातली एक सही आपला सगळा कर्जव्यवहार पत माहिती कंपनीला कळवायची संमती असते, हे सही करणाऱ्याला माहीत नसतं. थकबाकीची नोंद व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तक्रार वेगळी आहे. नोंद चढण्याचा वेग वाढत गेला, ती दुरुस्त होण्याचा मात्र तसा वाढला नाही. आणि सिबिलच्या या वहीत ‘किती दिवस थकलं’ यासाठी रकाना आहे, ‘का थकलं’ यासाठी नाही.

ही वही फार जुनी नाही. बँकेने आपल्या ग्राहकाची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही, हा बँकिंगचा जुना दंडक होता. त्यामुळे एका बँकेला बुडवलेला माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेत नवं कर्ज घेऊ शकायचा. दुसरीकडे, आयुष्यभर चोख हप्ते भरणाऱ्यालाही नव्या शहरात, नव्या बँकेत ओळखपाळख शोधत फिरावं लागायचं. एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९९९ मध्ये केलेल्या शिफारशींवरून २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजे सिबिल, ही कंपनी स्थापन झाली. २००४ पासून वैयक्तिक कर्जदारांची माहिती तिथे जमा होऊ लागली. गोपनीयतेची अडचण मात्र होतीच, म्हणून सुरुवातीला कर्जदाराच्या संमतीवर काम भागवावं लागे. २००५ मध्ये पत माहिती कंपन्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो लागू झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. लोकांच्या तोंडी चारही ‘सिबिल’च. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला चारही कंपन्यांचं सभासद होणं बंधनकारक केलं, आणि तेव्हापासून एका ठिकाणी थकलेला हप्ता चार वह्यांत लिहिला जातो.

वहीत काय लिहितात ते जरा जवळून बघू. अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक चौकट असते, साधारण गेल्या ३६ महिन्यांची. प्रत्येक घरात तीन आकडे: त्या तारखेला हप्ता किती दिवस थकलेला होता. ००० म्हणजे काही थकीत नाही. ०३१ म्हणजे एकतीस दिवस. आकड्यांऐवजी तीन फुल्या दिसल्या तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही. नव्वद दिवस ओलांडले की खातं अनुत्पादक, बँकेच्या भाषेत एनपीए. त्याच्या अलीकडे तीन पायऱ्या आहेत: तीस दिवसांपर्यंत, साठपर्यंत आणि नव्वदपर्यंत. या प्रत्येक पायरीवर खात्यावर ‘विशेष उल्लेख’ असा शिक्का बसत जातो.

आता समजा, कोणी दुचाकीसाठी सत्तर हजारांचं कर्ज काढलं. हप्ता ३,४०० रुपयांचा. जुलैमध्ये घरात दुखणं निघालं आणि हप्ता चुकला. ऑगस्टपासून तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भरतोय. त्याच्या हिशेबी एकच हप्ता चुकलेला आहे. बँकेचा हिशेब तसा चालत नाही. आलेला पैसा आधी सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतो, म्हणजे ऑगस्टमध्ये भरलेल्या रकमेने जुलै फिटतो आणि ऑगस्ट थकतो. सप्टेंबरच्या रकमेने ऑगस्ट फिटतो, सप्टेंबर थकतो. चौकटीत ०३०, ०३०, ०३१, ०३० अशी रांग लागत जाते. वर्षभर नियमित भरूनही अहवालात वर्षभर थकीत. एक जादा हप्ता भरला असता तर रांग तिथेच तुटली असती. पण वसुलीसाठी फोन करणारा माणूस ‘या महिन्याचं भरा’ एवढंच म्हणतो. जुना एक भरल्याशिवाय ही रांग संपणार नाही, हे सांगणं त्याच्या कामात धरलेलं नसतं.

खातं एकदा एनपीए झालं की बाहेर पडणं आणखी अवघड. नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरली, तरच खातं पुन्हा ‘नियमित’ धरायचं. त्याआधी काही वित्तसंस्था थोडी रक्कम आली की खातं वर उचलत. शिस्तीच्या दृष्टीने नियम बरोबरच आहे. पण चार हप्ते थकलेल्या माणसाला दोन भरून थोडा श्वास घेता येत होता, ती सोय गेली.

या चौकटीतून आणि इतर माहितीतून ३०० ते ९०० च्या दरम्यानचा आकडा निघतो, तो स्कोअर. नेमकं सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. परतफेडीचा इतिहास, मंजूर मर्यादेपैकी किती वापर होतो, कर्जांचं वय आणि प्रकार, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, या गोष्टी त्यात मोजल्या जातात, आणि थकबाकीचं वजन त्यांत मोठं असतं. आपला अहवाल आपणच बघितला तर स्कोअर घटतो, ही भीती निराधार आहे. बँकांकडे एकामागून एक अर्ज टाकत सुटलं तर मात्र प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते. एका बँकेने नाकारलं म्हणून हबकून महिनाभरात सहा ठिकाणी अर्ज करणाऱ्याची अवस्था आणखी वाईट होते ती त्यामुळे.

थकबाकीची किंमत दर वेळी नकाराच्या रूपातच मोजावी लागते असं नाही. अनेक बँका आता गृहकर्जाचा व्याजदर स्कोअरप्रमाणे ठरवतात. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत: साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये, साडेनऊ टक्क्यांनी २७,९६४. महिन्याला १,९२९ रुपयांचा फरक, आणि वीस वर्षांत सुमारे चार लाख त्रेसष्ट हजार. कधीकाळी दुर्लक्ष झालेलं क्रेडिट कार्डाचं बिल असं घराच्या हप्त्यात वसूल होऊ शकतं.

सगळ्यांत मोठा गैरसमज आहे तो दोन शब्दांबद्दल: ‘राइट ऑफ’ आणि ‘सेटल्ड’. बँकेने कर्ज निर्लेखित केलं, म्हणजे आपल्या ताळेबंदातून काढलं, अशी बातमी आली की लोकांना वाटतं कर्ज माफ झालं. ते माफ झालेलं नसतं. वसुली सुरूच राहते, आणि अहवालात त्या खात्यापुढे ‘राइट ऑफ’ लागतं, जे पुढच्या बँकेसाठी सर्वांत वाईट शेऱ्यांपैकी एक असतं. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं तरी कर्जदार सुटत नाही. फक्त मागायला येणारा बदलतो.

‘सेटल्ड’चा घाव जास्त जिव्हारी लागतो, कारण तो सद्भावनेने वागलेल्या माणसाला बसतो. एकरकमी तडजोड, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात, तिच्यात एक लाख ऐंशी हजारांच्या येण्यावर बँक एक लाख दहा हजार घेऊन खातं मिटवते. माणूस दागिने मोडतो, मेव्हण्याकडून उसने घेतो, रक्कम भरतो, पावती जपून ठेवतो. त्याच्या लेखी विषय संपला. अहवालात खातं ‘बंद’ म्हणून दिसायच्या ऐवजी ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, म्हणजे या बँकेला इथे सत्तर हजारांवर पाणी सोडावं लागलं. नवी बँक ते वाचते आणि हात आखडते. जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे तडजोड झालेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान बारा महिने नवं कर्ज देऊ नये. शेतीकर्जाला ही किमान मुदत लागू नाही, तिथे मुदत ठरवणं बँकेच्या धोरणावर सोडलं आहे. नंतर कधी ऐपत आली तर उरलेली रक्कम भरून, बँकेकडून तसं पत्र घेऊन, खातं ‘बंद’ करून घेता येतं. तडजोडीच्या टेबलावर ही गोष्ट कोणीही सांगत नाही. वसुली अधिकाऱ्याला मार्चअखेरचा आकडा गाठायचा असतो.

सरकारी कर्जमाफीचा गुंता इथूनच सुरू होतो. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना: प्रत्येक वेळी घोषणा, निकष, याद्या, पडताळणी आणि प्रत्यक्ष रक्कम खात्यात जमा होणं, यांत महिन्यांचं अंतर पडलं. त्या काळात शेतकरी हप्ता भरत नाही, कारण माफी येणार असते आणि भरणारा यादीतून बाहेर पडेल अशी भीती असते. चौकटीतले आकडे मात्र थांबत नाहीत. घोषणा विधानसभेत झालेली असते, वहीत नव्हे. रक्कम येऊन खातं बंद झालं तरी मागचे थकीत महिने तसेच राहतात. २०१७ च्या योजनेत एखाद्याचं कर्ज मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर वरची रक्कम स्वतः भरल्याशिवाय लाभ नव्हता, आणि ती भरेपर्यंत खातं थकीतच.

नियमित फेडणाऱ्याची बाजू आणखी वेगळी आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शून्य टक्के व्याज पडतं. ती मुदत गाठण्यासाठी गावोगाव मार्चमध्ये जी धावपळ होते तिला ‘नवं-जुनं’ म्हणतात. हातात पैसा नसतो, कारण तूर किंवा ऊसबिल अजून यायचं असतं. मग कोणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून उसने परत करायचे. चार दिवसांचं व्याज सावकारी दराने जातं. अहवालात हा माणूस चोख दिसतो. त्याने चोख दिसण्यासाठी काय मोजलं, ते कुठे दिसत नाही. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम ठेवली गेली, ती या वर्गाच्या रास्त नाराजीमुळेच.

शेतीकर्जाला एनपीएचा नियम वेगळा आहे: अल्पमुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, दीर्घमुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकल्यावर खातं अनुत्पादक. नियम बनवणाऱ्यांना शेतीचं चक्र महिन्यांच्या हिशेबात बसत नाही हे कळलेलं होतं, हे यावरून दिसतं. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली की सवलतींच्या यादीत वसुलीला स्थगिती आणि कर्जाचं पुनर्गठन ही कलमंही असतात. पण पुनर्गठित कर्जापुढे अहवालात तसा शेरा येऊ शकतो, आणि तो वाचणारा अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या बँकेचा, वाहनकर्ज विभागातला असतो. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने काय केलं हे त्याला त्या शेऱ्यावरून कळत नाही. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्त्यांना स्थगिती दिली तेव्हा सोबत सांगितलं होतं की ही सवलत घेतल्याने कोणाच्या पत अहवालावर वाईट परिणाम होता कामा नये. म्हणजे असं करता येतं. देशभराच्या संकटात जे केलं, ते तीन तालुक्यांच्या संकटात का करता येऊ नये, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात पडतो.

थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढते ती जामीनदारामार्फत. महाराष्ट्रात जामीन राहणं हा नात्याचा आणि शेजारधर्माचा भाग आहे. शाळेतल्या सहकाऱ्याला, कारखान्यातल्या मित्राला, भावकीतल्या पोराला ‘सही तर करायची आहे’ म्हणून माणूस सही करतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं त्याला सहसा म्हणता येत नाही. जामीन राहिलेलं कर्ज त्याच्याही अहवालात दिसतं, आणि मूळ कर्जदाराने थकवलं तर ती थकबाकीही. निवृत्तीनंतर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेल्यावर वीस वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याच्या ट्रॅक्टरचं कर्ज समोर येणं, हा या व्यवस्थेतला मला सर्वांत टोचणारा भाग वाटतो. जामीनदाराला दर महिन्याला खात्याची स्थिती कळवणं आजच्या काळात एका मेसेजचं काम आहे.

वारसांचं थोडक्यात सांगायचं तर, कर्जदार गेला की त्याचं कर्ज वारसाने मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेतच फेडायचं असतं, आणि वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर ती थकबाकी त्याच्या अहवालात यायला नको. ज्या घरात कर्त्या शेतकऱ्याने जीव दिला आहे, त्या घरातल्या मुलाला बँकेत कोणी ‘वडिलांचं सिबिल’ ऐकवत असेल, तर ते बेकायदा वागणं आहे आणि त्याची तक्रार व्हायला हवी.

बचत गटांतून आणि मायक्रोफायनान्समधून कर्ज घेणाऱ्या बायकांची स्थिती वेगळी आहे. मायक्रोफायनान्समध्ये पाच-सात जणी एकमेकींना बांधलेल्या असल्या तरी नोंद प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र होते. २०२२ च्या नियमांनुसार तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाला विनातारण मिळणारं कर्ज या प्रकारात येतं, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. एकीवर चार कंपन्यांची कर्जं लादली जाऊ नयेत यासाठी पत अहवाल इथे खरोखर उपयोगी आहे, आणि हे श्रेय त्याला द्यायला हवं. पण कर्ज तिच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या हातात, असं जिथे आहे, तिथे थकल्यावर डाग तिला लागतो.

मोबाइल ॲपवरच्या कर्जांनी तरुणांना या वहीत लवकर ओढलं. सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून ॲपमार्फत दिलेलं कोणतंही कर्ज, रक्कम आणि मुदत कितीही लहान असो, पत माहिती कंपन्यांना कळवावंच लागतं. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ म्हणून घेतलेले बूट हे कर्ज आहे, हे अनेकांना अहवालात ती ओळ दिसल्यावर कळतं. क्रेडिट कार्डाला थोडं संरक्षण आहे: देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय थकीत म्हणून कळवायचं नाही, आणि सुरूच न केलेल्या कार्डाची नोंद करायची नाही. वीजबिल किंवा घरपट्टी थकली तर ती इथे सहसा दिसत नाही. अनेक गावच्या पतसंस्था, भिशी, सावकार हेही या वहीबाहेर आहेत. त्यामुळे वहीत स्वच्छ असलेला माणूस बाहेर गळ्यापर्यंत बुडालेला असू शकतो, आणि सावकाराचं देणं टाकून बँकेचा हप्ता भरणाराही असतो.

ही माहिती कर्जापुरती राहिलेली नाही. सरकारी बँकांच्या भरतीत उमेदवाराचा पत इतिहास तपासला जातो. स्टेट बँकेने याच कारणावरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. जाहिरात निघाली तेव्हा आपल्याकडे काही थकीत नव्हतं, हा उमेदवाराचा युक्तिवाद टिकला नाही. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा ठेवणं समजण्यासारखं आहे. पण बेरोजगारीमुळे शैक्षणिक कर्ज थकलेल्या मुलाला त्या थकबाकीमुळेच नोकरी नाकारली, तर त्याने ते फेडायचं कशातून? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत मानवी बाजू घेतली होती: केवळ सिबिल स्कोअर कमी म्हणून विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळता येणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला तर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून ठरलेलं लग्न मोडल्याच्या बातम्या आल्या. मुलीच्या घरच्यांची काळजी मी समजू शकतो. पण ज्या कागदात कारणांना जागा नाही, त्यावरून माणूस पारखणं धोक्याचं आहे.

जुनी थकबाकी किती काळ छळते? नियमानुसार कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. किमान, हे लक्षात घ्यायला हवं. न्यायालयाची मुदत वेगळी चालते. साध्या कर्जासाठी दावा दाखल करायला मुदत कायद्याने साधारण तीन वर्षं दिलेली आहेत. ती उलटली की दावा करता येत नाही, पण नोंद उरते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या कार्डाचे बावीसशे रुपये, ज्यासाठी कोणी कोर्टात जाणार नाही, ते गृहकर्जाच्या वेळी भरून टाकावे लागतात. लहान रकमेवर चढलेल्या व्याजाबद्दल बँकेशी लेखी बोलावं, शुल्क कमी करून मागावं, आणि शेवटी ‘पूर्ण भरणा, खातं बंद’ असे शब्द असलेलं बेबाकी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय उठू नये. शेतकऱ्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याचा फेरफारही बघावा. ते काम वेगळ्या कार्यालयाचं आहे आणि बँकेत पैसे भरल्याने आपोआप होत नाही.

चुकीच्या नोंदींचा भाग वेगळा. नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन यांच्या जुळणीवर अहवाल तयार होतो. एकाच गावात चार ‘संजय पाटील’ आणि जुन्या कर्जांना पॅन जोडलेला नाही, अशा ठिकाणी दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर येऊ शकते. दर वर्षी प्रत्येक कंपनीकडून एक पूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे, तो वापरावा. चूक दिसली की कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेल्या नियमानुसार तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवावं लागतं. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरणा झाल्याची नोंदही लवकर व्हायला हवी.

इथे एक तुलना करावीशी वाटते. गृहकर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत केली नाहीत, तर बँकेला दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतात. चुकीच्या नोंदीमुळे एखाद्याचं घर, नोकरी किंवा पेरणी अडली तर दिवसाला शंभर. दोन्ही नियम २०२३ मध्येच, काही आठवड्यांच्या अंतराने आले. शंभर रुपयांच्या भीतीने कोणतीही मोठी बँक आपली यंत्रणा बदलणार नाही.

तरीही वही मोडून टाका, असं मी म्हणणार नाही. तिच्याआधीचं जग गरिबाला जास्त निष्ठुर होतं. तारण नाही, ओळख नाही, तर कर्ज नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला आधी दहा हजार, ते फेडले की वीस, मग पन्नास हजार मिळू लागले, ते फेडल्याच्या नोंदीच्या जोरावर. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सांगितली.

मुख्यमंत्र्यांच्या इशाऱ्यापेक्षा या वहीतच बदल मागणं जास्त उपयोगाचं ठरेल. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यातल्या कर्जांना वेगळी खूण असावी, जी वाचणाऱ्याला थकबाकीचं कारण सांगेल आणि स्कोअरमधून तेवढे महिने वगळेल. माफीची घोषणा झाल्या दिवसापासून पात्र खात्यांची मोजणी थांबावी. जामीनदाराला पहिला हप्ता चुकल्याच्या आठवड्यात कळवलं जावं. तडजोडीच्या कागदावर, सहीच्या वरच, मराठीत छापलेलं असावं की या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येईल आणि उरलेली अमुक रक्कम भरल्यास तो बदलता येईल. यातल्या शेवटच्या गोष्टीला कायद्यात बदल लागत नाही. एखाद्या जिल्हा बँकेने ठरवलं तर येत्या मार्चच्या तडजोडींपासून ती सुरू होऊ शकते.